धाडस कर, पण आधी वाट बघून ठेव

पोळी-भाजी केंद्र काढायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. ‘हिंमते मर्दा तो मदते खुदा’ ही म्हण मला मनापासून पटते. पण राजीनामा देण्याआधी थोडं ऐक.

कसब्यात राहतोस, लाल महालावरून रोज जातोस. (आजची इमारत नंतरची आहे.) ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज तिथे शाहिस्तेखानाच्या मुक्कामात शिरले. केवढं धाडस! पण नीट बघ. वाडा त्यांच्या लहानपणचा, कानाकोपरा ठाऊक. दिवस रमजानचे, पहारा सैल. आत शिरणारी माणसं मोजकी आणि पारखलेली. खानाची बोटं तुटली, तो हादरला आणि पुढे औरंगजेबाने त्याला बंगालला धाडलं. दैवाने साथ दिली, ती अशा तयारीला.

तूही दुकानाचं डिपॉझिट भरण्याआधी घरूनच डबे दे. अन्नपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, ती आत्ताच करून टाक. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेव. आईचे दागिने गहाण टाकू नकोस, हे मात्र मी हट्टाने सांगतो.

एवढं झालं की थांबू नकोस. पूर्ण खात्रीची वाट बघत बसलेले उत्तम हाताचे स्वयंपाकी मी पाहिलेत. त्यांच्या हातची चव घराबाहेर कुणाला कळलीच नाही. सोमवारपासून पाच डब्यांनी सुरुवात कर. त्यातला एक माझा लिहून घे, पैसे आगाऊ देतो.