परवान्याच्या अर्जाआधी नावाची अक्षरे तपासा

वैमानिक परवान्याचा अर्ज करताना उड्डाण शिकण्यापेक्षा स्वतःची ओळख सिद्ध करण्यातच अधिक दमछाक होते, ही तुमची तक्रार रास्त आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीविषयीच्या १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्या परिशिष्टानुसार परवान्यावर धारकाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि स्वाक्षरी असावी लागते; पत्ता मात्र परवाना देणाऱ्या देशाला हवा असेल तरच. त्यामुळे या गोष्टींचा पुरावा मागणे समजण्यासारखे आहे. मात्र पासपोर्टची तीच प्रत वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि अंतिम अर्ज अशा टप्प्याटप्प्यावर नव्याने साक्षांकित करून का द्यावी, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

तरीही वाद घालण्यात वेळ दवडू नका. पासपोर्टवर नाव ज्या अक्षरांत आणि ज्या क्रमाने छापले आहे, तसेच ते वैद्यकीय प्रमाणपत्रावर, परीक्षेच्या निकालावर आणि लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, पहिल्या दिवसापासून असू द्या. लॉगबुकात मधल्या नावाचे केवळ आद्याक्षर लिहिल्यामुळे माझा अर्ज परत आला होता आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र करून द्यावे लागले होते.

दुसऱ्या देशात परवाना रूपांतरित करायचा असेल, तर मूळ परवाना देणाऱ्या प्राधिकरणाने त्याची पडताळणी बहुधा थेट तिकडे कळवावी लागते. ती विनंती सर्वांत आधी करा, नाहीतर उत्तराची वाट पाहता पाहता वैद्यकीय प्रमाणपत्राचीच मुदत संपायची.