फायबर बोटीत पाणी नेमकं कुठून शिरतंय, ते कसं शोधायचं?

14 फुटी फायबर बोट, मागे आउटबोर्ड इंजिन, नाशिकच्या गंगापूर धरणात अडीचेक तास नुसती उभी राहिली तरी दहा लिटरची बादली भरेल एवढं पाणी साचतं आणि सगळीकडे सिलिकॉन मारूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय.

आधी सिलिकॉनची ट्यूब बाजूला ठेवा. ते पाण्याखाली धड टिकत नाही, आणि त्याचा तेलकट थर राहिला की त्यावर पुढे रेझिन किंवा दुसरं सीलंट पकडत नाही. जिथे जिथे लावलंय तिथून ते ब्लेडने आणि पॉलिश पेपरने पूर्ण काढावं लागेल.

बोट उभी असतानाच पाणी येतंय, म्हणजे वाट पाण्याच्या रेषेखाली आहे. फक्त चालवताना आलं असतं तर मी मागून उडणारं पाणी आणि कडेच्या पट्टीचे स्क्रू आधी बघितले असते. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या बोटीत साचलेलं पाणी हा वेगळाच विषय, त्याला गळती म्हणू नका. तुमचा हिशोब केला तर मिनिटाला 65-70 मिली पाणी आत येतंय. वीतभर खोलीवर एवढ्याला जेमतेम एक मिलीमीटरचं भोक पुरतं. तेव्हा मोठी भेग शोधत बसू नका, एखादा ढिला स्क्रूसुद्धा पुरेसा असतो.

शोध उलटा घ्यायचा: बोट ट्रेलरवर, पाणी आत, नजर बाहेर. पुढचं टोक थोडं उंच करा आणि मागच्या भागाखाली जुने टायर सरकवा, कारण आतल्या पाण्याचं वजन रोलरच्या दोन-चार ठिकाणीच पडलं तर तळाला नवी भेग जाईल. बाहेरून तळ खडखडीत कोरडा पुसून त्यावर टाल्कम पावडर चोळा. मागचं पाणी काढायच्या भोकाचं बूच लावा, बादलीत चार थेंब नीळ टाकून आत ओता. आधी चार बोटं उंचीपर्यंत भरा, वीस मिनिटं थांबा, मग पुढचं. सगळं एकदम भरलं तर ओघळ कुठून सुरू झाला ते कळत नाही. पावडरीत निळी रेघ दिसली की तिचं वरचं टोक मार्करने गोल करा. थेंब खाली पडतो ती जागा फसवी असते.

बहुतेक वेळा ही रेघ ट्रान्समवर, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या भिंतीवर निघते. तिथे पहिला संशयित बुचाचा रबरी वायसर, तो कडक होतो किंवा आट्यांत वाळूचा कण अडकतो. दुसरा त्याची पितळी चकती धरणारे स्क्रू. बिल्ज पंपाचा, म्हणजे तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचा पाईपही बघा. मागे वजन जास्त झालं आणि त्याचं तोंड पाण्याखाली गेलं तर धरणाचं पाणी त्यातूनच आत येतं. पाईपला आत उंच वळसा दिला की ते थांबतं.

ट्रान्समच्या पोटात प्लाय असतो, त्यामुळे इथे नुसतं सीलंट भरून भागत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा: कोरडा प्लाय टणक वाजतो, कुजलेला भद्द. भद्द आवाज मोठ्या भागात आला तर ते काम सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या चांगल्या एफआरपीवाल्याकडे, म्हणजे फायबरचं काम करणाऱ्याकडे द्या. नुसतं बोल्टचं भोक ओलं असेल तर घरी होतं. 6 मिमीचं भोक 10-12 मिमी करा, वाळू द्या, आतून टेप लावून घट्ट इपॉक्सी भरा, दुसऱ्या दिवशी त्यातच 6 मिमी पाडा. तोंडाला किंचित खोबण द्या म्हणजे सीलंटची रिंग बसेल. पॉलियुरेथेन मरीन सीलंट लावून बोल्ट अर्धवट आवळा आणि सीलंट घट्ट झाल्यावर नट पूर्ण फिरवा, बोल्ट नव्हे. हे सीलंट हवेतल्या दमटपणावर पिकतं, त्यामुळे आपल्याकडच्या कोरड्या एप्रिलमध्ये एखादा दिवस जास्त द्या.

रेघ कीलवर, म्हणजे तळाच्या मधल्या कण्यावर निघाली तर कारण बहुधा उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघडे पडलेले काठावरचे दगड. भेगेभोवती घासून निरोगी फायबर येऊ द्या. जाडी 5 मिमी असेल तर दोन्ही बाजूंना साधारण 60 मिमी उतार हवा, नाहीतर थिगळ सुटतं. पारदर्शक प्लास्टिक रात्रभर चिकटवून ठेवा, सकाळी आत दव दिसलं तर अजून ओल आहे. मग 450 जीएसएमची (चौरस मीटरला 450 ग्रॅम) काचतंतूंची मॅट, एका थराला सुमारे 1 मिमी धरा, एका वेळी तीनच थर. पॉलिस्टर रेझिनला उन्हाळ्यात हार्डनर 1 टक्का, म्हणजे 500 ग्रॅमला 5 ग्रॅम. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रावण) वेगळा मिळाला तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा. हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकत्र केले तर स्फोट होऊ शकतो. आणि गाडीच्या डेंटिंगची लांबी (पुट्टी) इथे भरू नका, ती पाणी पिते.

दुरुस्तीनंतर बोट काठाला बांधूनच पाण्यात ठेवा, इंजिन आणि नेहमीचं वजन चढवून. तळात कोरडं वर्तमानपत्र पसरा आणि तीन तास थांबा. कागदावरचा पहिला ओला डाग पुन्हा मार्करने गोल करा.