डासांचा ताप आणि पोटातलं बाळ

प्रश्न : सुनेला चौथ्या महिन्यात झिका झाला होता. सोनोग्राफी नॉर्मल आली, नातवाचं डोकंही व्यवस्थित आहे. तरी डॉक्टर वर्ष-दोन वर्षं तपासणीला बोलावताहेत. कशाला?

डोकं व्यवस्थित आहे म्हणजे मोठी काळजी मिटली. पण झिकाचा विषाणू गर्भाच्या वाढत्या मेंदूपेशींवरच जातो. ब्राझीलमध्ये झिकाच्या साथीत काही बाळांची डोकी जन्मताना ठीक होती, वाढ मंदावली ती नंतर. शिवाय नजर, ऐकू येणं, मान धरणं हे टेपने मोजता येत नाही. तेव्हा नातवाला न्या, न चुकता.

प्रश्न : मी गरोदर आहे. मला झिका नाही, डेंग्यू नाही. तरी रुग्णालयात विचारलं, ‘अभ्यासात नाव घालू का?’ माझा काय उपयोग?

तुमच्यासारख्या नसतील तर अभ्यासच उभा राहत नाही. बाळाचं डोकं लहान राहण्याची कारणं बरीच आहेत : रुबेला, आनुवंशिक दोष, इतर संसर्ग. लागण न झालेल्या मातांची बाळं तुलनेला नसतील, तर झिकाचा वाटा किती हे कसं ठरवणार? ब्राझीलमध्ये २०१५ साली लहान डोकं ओळखायला आधी डोक्याच्या घेराची ३३ सेंटिमीटरची मर्यादा धरली, तर कितीतरी धडधाकट बाळं संशयितांच्या यादीत गेली. डिसेंबरात ती ३२ वर आणावी लागली. प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशिया बेटांवर नेमकं उलट झालं. तिथे २०१३-१४ मध्ये झिकाची साथ आली, पण बाळांचं काही कुणाच्या ध्यानात आलं नाही. ब्राझीलचं कळल्यावर जुन्या नोंदी उकरल्या, तेव्हा पहिल्या तिमाहीत लागण झालेल्या शंभर गरोदर बायकांमागे साधारण एका बाळाचं डोकं लहान, असा अंदाज निघाला. इतकं कमी प्रमाण नुसत्या नजरेला दिसत नाही.

संमतीपत्र नीट वाचा, मगच सही करा. नको वाटलं तर मधूनही बाहेर पडता येतं.

प्रश्न : दिवस भरत आले असताना चिकुनगुनिया झाला, तर सिझेरियनने बाळाची लागण टळते का?

नाही. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २००५-०६ च्या साथीत, बाळंतपणाच्या वेळी आईच्या रक्तात विषाणू असेल तर जवळपास निम्म्या बाळांना लागण झाली. सिझेरियननेही ती टळली नाही. अशी बाळं जन्मताना ठणठणीत दिसतात. ताप, दूध न ओढणं हे तीन ते सात दिवसांत सुरू होतं. म्हणून पहिला आठवडा घरी जायची घाई नको. अंगावरचं दूध मात्र चालू ठेवा.

प्रश्न : ओरोपूश नावाचा नवा विषाणू आलाय का?

नवा नाही, १९५५ पासून माहीत आहे. तो दक्षिण अमेरिकेतला, मुख्यतः चिलटाएवढ्या चावऱ्या कीटकातून पसरणारा. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून हा कीटक आरामात आत येतो. ब्राझीलमध्ये २०२४ साली हा विषाणू आईकडून गर्भात गेल्याचं आणि गर्भ दगावल्याचं आढळलं. गरोदरपणी तिकडे जाणार असाल, तर आधी डॉक्टरांशी बोला.