पोलिसांनी अटकेची नोंद न करता दोन दिवस मारलं. तक्रार करून खरंच काही होतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: चोरीच्या संशयावरून मोठ्या भावाला उचललं, दोन दिवस पोलीस स्टेशनला बसवून ठेवलं, तळव्यांवर आणि मांड्यांवर मारलं आणि तिसऱ्या दिवशी कसलाही कागद न देता सोडून दिलं. आता नातेवाईक म्हणतात की गप्प बसा, तक्रार केली तर त्रास वाढेल. तुम्हाला जाणून घ्यायचंय की पोलिसांवर कधी खरंच कारवाई होते का.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयात एकवीस वर्षं फौजदारी वकिली करतो. माझं उत्तर असं की होते, पण क्वचित, आणि जिथे होते तिथे सुरुवात बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांत कुणीतरी करून घेतलेल्या एखाद्या कागदापासून झालेली असते. बाकी सगळं त्यानंतरचं.

आधी माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो. वकिलीचं दुसरं वर्ष होतं. टेम्पोवर क्लीनर असलेल्या एका मुलाचं काम माझ्याकडे आलं. पोलिसांनी त्याला मंगळवारी संध्याकाळी नेलं होतं, अटक दाखवली गुरुवारी सकाळी. मधले दीड दिवस कागदावर तो कुठेच नव्हता. रिमांडला आणला तेव्हा त्याला नीट उभं राहता येत नव्हतं. न्यायाधीशांनी नेहमीचा प्रश्न विचारला, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' ज्या हवालदाराने त्याला मारलं होतं तो त्याच्या मागे हातभर अंतरावर उभा होता. मुलगा म्हणाला, 'नाही.' ऑर्डरमध्ये एक ओळ उतरली की आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही. मी तिथेच उभा होतो. वैद्यकीय तपासणीचा अर्ज तोंडीसुद्धा केला नाही, कारण त्याच पोलीस स्टेशनची कामं पुढे माझ्याकडे यायची होती. चार महिन्यांनी त्या मुलाच्या वडिलांनी तक्रार करायची ठरवली तेव्हा सरकारी वकिलांनी तीच ओळ वाचून दाखवली आणि तक्रार तिथेच संपली. ती ओळ माझ्यासमोर लिहिली गेली होती. आजही रिमांडच्या वेळी आरोपीच्या पायांकडे आधी बघतो तो त्या दिवसामुळे.

म्हणून सांगतो, पोलिसांवर कारवाई का होत नाही याचं उत्तर 'सगळे मिळालेले असतात' एवढ्यावर सोडून देऊ नका. मारणाराच नोंद ठेवणारा असतो, हे खरं कारण आहे. स्टेशन डायरी त्यांची, लॉकअपचं रजिस्टर त्यांचं, सीसीटीव्हीचा डबा त्यांच्याच खोलीत आणि तक्रारीचा तपास त्याच खात्यातला माणूस करणार. तुमच्या भावाच्या बाबतीत तर अटकच दाखवलेली नाही, म्हणजे त्यांच्या मते तो तिथे आलाच नव्हता, फार तर 'चौकशीसाठी स्वतःहून हजर राहिला आणि निघून गेला'.

हा कागदाचा खेळ किती दूर जाऊ शकतो ते ख्वाजा युनूस प्रकरणात दिसतं. परभणीचा 27 वर्षांचा इंजिनिअर, दुबईत नोकरी करणारा. 2 डिसेंबर 2002 च्या घाटकोपर बॉम्बस्फोटानंतर त्याला पोटा या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. जानेवारी 2003 मध्ये पोलिसांनी सांगितलं की त्याला औरंगाबादकडे नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. सहआरोपी डॉक्टरने मात्र सांगितलं की त्याने युनूसला कोठडीत पट्ट्याने मारताना आणि रक्ताची उलटी करताना पाहिलं होतं. मृतदेह आजवर मिळालेला नाही. त्याची आई आसिया बेगम उच्च न्यायालयात गेली. सीआयडीच्या तपासात 14 पोलिसांची नावं आली, पण सरकारने खटल्याची परवानगी दिली फक्त 4 जणांविरुद्ध. उरलेल्या दहांवर खटला चालला नाही. 2012 मध्ये उच्च न्यायालयाने 20 लाखांची नुकसानभरपाई ठरवली, ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशातून. ज्या गुन्ह्यासाठी युनूसला पकडलं होतं त्यातले सहआरोपी 2005 मध्येच निर्दोष सुटले होते. कोठडीत काय पाहिलं हे त्या डॉक्टरने कोर्टात शपथेवर सांगितलं ते जानेवारी 2018 मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. त्याने आणखी चार पोलिसांची नावं घेतली. विशेष सरकारी वकिलांनी त्यांनाही आरोपी करा असा अर्ज दिला आणि काही आठवड्यांतच त्या वकिलांना खटल्यातून काढून टाकलं. ज्या चौघांवर आधीच खटला होता त्यांपैकी एक, पोलीस अधिकारी सचिन वाझे, 2004 पासून निलंबित होता. खुनाचा खटला चालू असतानाच जून 2020 मध्ये त्याला परत नोकरीत घेतलं. पुढे मार्च 2021 मध्ये दुसऱ्याच प्रकरणात एनआयएने, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेने, त्याला पकडलं तेव्हा कुठे तो बडतर्फ झाला.

'पळून गेला' ही गोष्ट पुन्हा ऐकली ती नोव्हेंबर 2017 मध्ये, सांगलीत. चोरीच्या गुन्ह्यात पकडलेला तरुण कोठडीत मेला, पोलिसांनी मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला आणि तो पळून गेल्याचं सांगितलं. घरच्यांनी ते मानलं नाही, त्याच्यासोबत पकडलेला दुसरा तरुण जिवंत होता, आणि काही दिवसांतच फौजदारासह पोलिसांना अटक झाली. युनूसच्या वेळी जे कळायला वर्षं लागली ते इथे दिवसांत उघडं पडलं. माणसं तशीच होती, पण पुरावा ताजा होता.

परभणीतच 22 वर्षांनी आणखी एक आई कोर्टात गेली. डिसेंबर 2024 मध्ये तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतरच्या धरपकडीत कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला आणि 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. मारहाण झालेली नाही असं विधानसभेत सांगितलं गेलं. शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद होती. 4 जुलै 2025 ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवा असा आदेश दिला, राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 30 जुलैला तिथेही हरलं. एवढी लढाई फक्त एफआयआर लिहून घेण्यासाठी. पण तो लिहिला गेला तो डॉक्टरांच्या कागदामुळे आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालामुळे. हे दोन्ही कागद पोलिसांच्या हातात नव्हते, म्हणून टिकले.

आता तुमच्या भावाचं. त्याला मारलं कशासाठी, हे आधी समजून घ्या. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे प्रत्येक हवालदाराला पाठ असतं. पण 'आरोपीने दाखवल्यावरून मुद्देमाल मिळाला' हे चालतं. म्हणून मारतात ते मुद्देमालासाठी. तुमच्या भावाकडे काहीच निघालं नाही, म्हणून त्याला गुपचूप सोडलं. पण कबुली किंवा माल काढण्यासाठी मारणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 120. तुमच्या तक्रारीत हे कलम असायला हवं, नुसतं 'मारहाण केली' नको.

उद्याची वाट न बघता आजच भावाला सिव्हिल हॉस्पिटलला न्या. केसपेपर काढताना 'पडलो' असं सांगू देऊ नका. कुणी, कधी, कुठे, कशाने मारलं ते डॉक्टरांना सांगा आणि एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केसची नोंद, करा म्हणा. डॉक्टर टाळाटाळ करतील, पोलिसांचं नाव लिहायला घाबरतील. शांतपणे पुन्हा सांगा, आणि तरी नाही लिहिलं तर त्याच दिवशी जिल्हा शल्य चिकित्सकांना अर्ज देऊन त्याची पोच घ्या. तळव्यांवरचा मार तीन-चार दिवसांत दिसेनासा होतो, वळ आठवड्याने पिवळे पडतात. फोटो रोज काढा, मोबाईल बदलू नका.

त्यानंतर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार द्या, रजिस्टर पोस्टाने, आणि एक प्रत हातोहात देऊन आवक शिक्का घ्या. त्याच पोलीस स्टेशनला जाऊन तक्रार देण्याचा आग्रह धरू नका, तिथे तुम्हाला दिवसभर बाकावर बसवतील. त्याच तक्रारीत एक मागणी ठळक लिहा: त्या दोन दिवसांचं सीसीटीव्ही चित्रण जतन करावं. सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 ला सांगितलंय की प्रत्येक पोलीस स्टेशनला, लॉकअपसह, कॅमेरे हवेत आणि चित्रण 18 महिने, ते जमत नसेल तर किमान एक वर्ष ठेवायला हवं. उत्तर येईल की 'कॅमेरा बंद होता'. येऊ द्या. तेही लेखी येऊ द्या. त्या दोन दिवसांतच कॅमेरा कसा बंद पडला, हे मग त्यांना सांगावं लागतं. माहिती अधिकारात स्टेशन डायरीच्या नोंदीही मागा. नाकारतील, पण नकाराचाही कागद होतो.

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण नावाची एक जागा आहे, बहुतेकांना माहीतच नसते. सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 ला प्रकाश सिंह खटल्यात ती प्रत्येक राज्यात करा असं सांगितलं, महाराष्ट्राने 2014 मध्ये कायदा बदलून तरतूद केली. अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. बेकायदा अटक, गंभीर दुखापत, कोठडीतला मृत्यू, खंडणी हे सगळं तिथे नेता येतं. ती शिफारस करते, शिक्षा देत नाही, आणि शिफारस शेवटी सरकारकडेच जाते. मला ही व्यवस्था अपुरी वाटते. तरी तिथे जा, कारण तिथे अधिकाऱ्याला शपथेवर उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर पुढे उपयोगी पडतं.

अधीक्षकांनी गुन्हा नोंदवला नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागेल. इथे एक गोष्ट अवघड झाली आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम 175(4) प्रमाणे कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्याबद्दल सरकारी नोकराविरुद्ध तपासाचा आदेश देण्याआधी न्यायालयाने त्याच्या वरिष्ठांचा अहवाल मागवायचा आणि त्या नोकराचं म्हणणंही विचारात घ्यायचं. साध्या चोरीच्या आरोपीला हा मान मिळत नाही. माझ्या मते ही तरतूद चुकीची आहे. पुढे खटल्यासाठी सरकारची परवानगी लागते, ती त्याच संहितेच्या कलम 218 प्रमाणे. एक बरं झालं की सरकारने 120 दिवसांत निर्णय दिला नाही तर परवानगी दिली असं धरलं जातं. आधी फायली वर्षानुवर्षं पडून राहायच्या. मारहाण हा कर्तव्याचा भाग होता का, यावर वाद होणारच, आणि पहिल्या दिवसाचा एमएलसी नसेल तर तो वाद तुम्ही हरणार.

मध्येच एक दिवस तुम्हाला कळेल की साहेबांची कंट्रोल रूमला बदली झाली. लोक म्हणतील, झाली की शिक्षा. बदली ही शिक्षा नाही आणि निलंबन हीसुद्धा शिक्षा नाही. निलंबनात निम्मा पगार घरी येत राहतो आणि खात्यांतर्गत चौकशीत निर्दोष ठरला तर बाकीचाही मिळतो. तडजोडीसाठी गावातला एखादा माणूस पाठवतील, बहुधा तुमच्याच ओळखीचा. पैसे घेऊ नका, कशावरही सही करू नका आणि फोनवर बोलणं टाळा.

आणि नातेवाईकांची भीती. ती खोटी नाही. मी दोन कुटुंबं पाहिली आहेत ज्यांना तक्रारीनंतर रात्री-बेरात्री हजेरीला बोलावलं. त्यावर एकच उपाय चाललेला पाहिला, तो म्हणजे तक्रार एकट्याने न करणं. वकील सोबत घ्या, गावातले चार लोक सह्या करायला तयार असतील तर घ्या, आणि अर्जातच लिहा की यापुढे भावाला चौकशीला बोलवायचं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची लेखी नोटीस द्यावी, तो वकिलासह हजर राहील. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. भाऊ आता कोठडीत नाही, म्हणून त्याला बहुधा उत्पन्नाचा दाखला लागेल.

पण हे सगळं भावाने ठरवायचं. मार त्याने खाल्लाय, पोलीस स्टेशनच्या त्याच दारातून पुढची दहा वर्षं जाणारा तो आहे. त्याला एकट्याला बसवून विचारा, घरातल्या मोठ्यांसमोर नको. तो नाही म्हणाला तर त्याला भित्रा ठरवू नका. तरीही सिव्हिलला मात्र आजच न्या, कारण मन दोन महिन्यांनी बदललं तर तेव्हा वळ नसतील.

आणि त्या दोन दिवसांत त्याच्या अंगावर असलेली पँट आणि शर्ट धुतलेली नसेल तर धुऊ नका. वाळू द्या, कागदी पिशवीत घाला, वर तारीख लिहा आणि वकिलाच्या हातात द्या.