उजेड कमी झाला, म्हणून मुलीचं चुकलं?

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सलतंय: ‘तिला न सांगता तिच्या मार्गदर्शकांना फोन केला आणि प्रोजेक्ट बदलून द्या म्हटलं.’ मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, भौतिकशास्त्रात ७४ टक्के. विद्युतवाहक पॉलिमरच्या, म्हणजे वीज वाहणाऱ्या प्लास्टिकच्या, नॅनोनळ्यांवर (अतिसूक्ष्म नळ्यांवर) तांब्याचा मुलामा चढवून, लेझर टाकल्यावर त्या देतात तो उजेड वाढवायचा, हा तिचा प्रोजेक्ट. तीन महिन्यांनी उजेड उलट घटला, म्हणून तिला संगणकाकडे कसं वळवायचं, असं तुम्ही विचारता.

गुणांची मला काळजी नाही. फोनची आहे. ज्याचं उत्तर पुस्तकात मागे छापलेलं नाही, असं काम ती पहिल्यांदाच करतेय. तुमचा फोन तिला आज ना उद्या कळणारच, आणि मग फसलेला एकही प्रयोग ती घरी सांगणार नाही. आधी तुम्हीच तिला सांगा आणि सरळ माफी मागा.

‘धातू चकाकतो, मग उजेड वाढायलाच हवा, वाढला नाही म्हणजे हिला जमत नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. हा समज मुळातच चुकीचा आहे. हा मुलामा आरशाचं काम करत नाही. धातूच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन एका लयीत हेलकावतात. त्याला पृष्ठभाग प्लाझमॉन म्हणतात. ही लय पॉलिमरच्या प्रकाशाशी जुळली, तर पॉलिमरमधली ऊर्जा झपाट्यानं प्रकाश होऊन बाहेर पडते. ऊर्जा किती झपाट्यानं प्रकाश होऊन बाहेर पडेल हे भोवतालावरही ठरतं, हे भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ सालीच मांडलं होतं. पण धातू अगदी चिकटून असेल, तर तीच ऊर्जा धातूत शिरून उष्णतेत विरून जाऊ शकते. मुलामा जाड झाला तर आतला प्रकाश बाहेर येतच नाही. सगळा खेळ काही नॅनोमीटरचा. म्हणजे घटलेल्या उजेडामागे कारण आहे, आणि ते शोधणं हाच तिचा प्रोजेक्ट.

त्यामागची मेहनतही बघा. अॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) चकतीतल्या बारीक छिद्रांत विजेच्या साहाय्यानं पॉलिमर वाढवायचं, मग चकती कॉस्टिक सोड्यात विरघळवायची. हाती येतात त्या साधारण २०० नॅनोमीटर जाडीच्या नळ्या, म्हणजे केसाच्या काहीशेव्या भागाएवढ्या. त्यातली एक सूक्ष्मदर्शकाखाली शोधून तिच्यावर लेझर धरायचा. हे ज्याला जमतं, त्याचे हात वाया जात नाहीत.

आणि हो, ‘प्लास्टिकवरचं काम’ म्हणून नाक मुरडू नका. वीज वाहणाऱ्या पॉलिमरच्या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते: एवढ्या एका विषयावर नोकरी मिळत नाही. फोनच्या ओएलईडी, म्हणजे स्वतः उजळणाऱ्या, पडद्यांतही बहुतेक छोटे सेंद्रिय रेणू असतात, पॉलिमर नव्हेत. तिची खरी कमाई म्हणजे पातळ थर, प्रकाशमापन आणि आकडे नीट वाचण्याची सवय. ती सेन्सरपासून सौरघटापर्यंत कुठेही चालते. एमएस्सी, प्रवेश परीक्षा, पीएचडी ही वाट तिला ठाऊक असेलच. संगणकाकडे जायचं असेल तर तीही जाईल, पण ते तिनं म्हटल्यावर.

आज जेवणानंतर तिच्याकडून तिनं मोजलेल्या उजेडाचा आलेख मागा. लेप नसलेल्या नळीची रेष कुठली आणि लेप दिलेलीची कुठली, एवढंच विचारा, मग मध्ये बोलू नका. पुढचं पत्र तिला लिहू द्या.