पेटीवरचे पस्तीस किलोमीटर आणि इतर गैरसमज : प्रश्नोत्तरे

पाऊस तोंडावर आला की आमच्यासारख्या हॅम, म्हणजे परवाना काढून हौसेने वायरलेस चालवणाऱ्या, मंडळींना पत्रं सुरू होतात. २००५ च्या २६ जुलैनंतर मुंबईकरांची आली, २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीची आली, आता चिपळूणची येतात. मोबाइल बंद पडले तर वॉकीटॉकी कोणता घ्यावा, कसा वापरावा, प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून या खेपेला एकत्र उत्तरं देतो.

२०२१ च्या पुरात दोन दिवस मोबाइल बंद होते. आमची चार घरं आहेत : दोन बाजारपेठेत, एक नदीपलीकडे आणि एक वर टेकडीवर. कोणते वॉकीटॉकी घ्यावेत? (चिपळूण)

कोणते ते नंतर. आधी अंतर आणि मधे काय आहे ते सांगा, कारण दुकानदार ते विचारणार नाही. विनापरवाना वापरता येतील असे संच ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले. ताकद अर्धा वॅट, अँटेना संचालाच जोडलेली. त्यावर दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची, म्हणजे डब्ल्यूपीसीची, ईटीए, म्हणजे संचाच्या प्रकाराला दिलेली, मंजुरी हवी. तिचा क्रमांक दुकानदाराकडे मागा. तो ‘कसली मंजुरी?’ म्हणाला तर दुकानातून बाहेर पडा.

सिमेंटच्या इमारतींत हा संच किलोमीटरभरही कष्टाने चालतो. तुमच्या टेकडीवरच्या घरातून मात्र खालच्या गच्च्या दिसत असतील, तर तेच तुमचं मधलं ठाणं. बाजारपेठेतली दोन घरं एकमेकांना ऐकू आली नाहीत तरी वरच्या घराला दोन्ही ऐकू येतील, आणि वरचा माणूस निरोप पोचवील. चार संच एकदम घेऊ नका. दोन घ्या, भर पावसात चारही घरांतून बोलून पाहा, मग ठरवा. कोरड्या मे महिन्यातली चाचणी धरू नका, ओली झाडी आवाज खाते.

पेटीवर ‘३५ किमी’ लिहिलंय. आम्हाला गल्लीच्या टोकाला ऐकू येत नाही. संच बिघडलाय का? (पुणे)

संच ठीक आहे, पेटी खोटी आहे. सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असतं. दोघे उभे असतील तर मधे काहीही नसताना नऊ-दहा. या लहरी सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या पोटाला वळसा घालत नाहीत. शंभर मीटर उंच कड्यावर उभं राहून खाली समुद्रातल्या होडीशी बोललात तर पस्तीस किलोमीटर जमेल. गल्लीत ते जमणार नाही. आणि ‘जास्त वॅटचा घेऊ का?’ हे पुढे विचारणारच आहात, म्हणून सांगतो : वस्तीत ताकद दहापट केली तरी अंतर दुपटीलाही पोचत नाही. दोन जिने चढून गच्चीवर गेलात तर फुकटात जास्त फरक पडतो.

‘प्रायव्हसी कोड’ लावला की आपलं बोलणं दुसऱ्याला ऐकू येत नाही ना?

येतं. त्या कोडने फक्त तुम्हाला इतरांचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून दरवाजाचं कुलूप वगैरे खासगी काही त्यावर बोलू नका.

विक्रेत्याने ‘संपूर्ण भारतात रेंज’ असलेला वॉकीटॉकी दाखवला. महाग आहे, पण एकदाच खर्च. (कोल्हापूर)

आत सिमकार्ड घालायची खाच आहे का पाहा. असणारच. तो वॉकीटॉकीच्या पोटातला मोबाइल आहे, टॉवर बंद पडला की ठोकळा. सिक्युरिटी कंपन्या आणि ट्रकवाले रोजच्या कामाला वापरतात, त्यांना तो उपयोगी. पण टॉवर बंद पडतो म्हणून जो माणूस वायरलेस घ्यायला निघालाय, त्याला टॉवरवर चालणारा डबा विकणं ही लबाडी आहे. टॉवर चालू असतील तर तुमच्या खिशातला फोन आहेच. आवाजी फोन लागत नसेल तेव्हाही एसएमएस बऱ्याचदा जातो, आधी तो पाठवून पाहा.

ऑनलाइन पाच वॅटचा दोन बँडचा चिनी संच घेतला. पोलिस, अग्निशमन सगळं ऐकू येतं. आणीबाणीत परवाना लागत नाही असं वाचलं, ते खरं ना? (ठाणे)

नाही. या एका वाक्यापायी मला रात्री झोप लागत नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

१९३३ च्या वायरलेस कायद्याने संच नुसता *जवळ बाळगण्यालाच* परवाना मागितला. बटण दाबलंत की नाही हा पुढचा प्रश्न. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ही गाठ सोडलेली नाही. मग ‘आणीबाणीत चालतं’ हे आलं कुठून? आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत एक कलम आहे : संकटात सापडलेल्या ठाण्याने लक्ष वेधण्यासाठी हाताशी असेल ते साधन वापरावं, नियम आड येणार नाहीत. ते बुडत्या जहाजासाठी आहे. त्याचा अर्थ कपाटात बेकायदा संच ठेवून ‘अहो, दूध आणलंत का’ विचारावं असा होत नाही.

पण कायदा बाजूला ठेवा. खरी धास्ती दुसरी आहे. अशा संचावर एका वेळी एकच जण बोलू शकतो. एकाने बटण दाबलं की त्या चॅनलवरचे बाकीचे सगळे मुके. दोघांनी एकदम दाबलं तर ज्याची लहर जोरकस, त्याचंच ऐकू येतं. आता पुराचं पाणी चढतंय, बचाव पथकाचा माणूस अर्धा किलोमीटर दूर होडीत आहे, आणि तुम्ही गच्चीवरून पाच वॅटनी ‘हॅलो हॅलो, कोणी आहे का’ करताय. त्याचा निरोप तुमच्याखाली गाडला गेला. संच खिशात दाबला जाऊन बटण अडकलं तर तुम्हाला कळणारही नाही. तुम्हाला ते ऐकू येतात म्हणून त्यांना तुम्ही ऐकू याल असंही नाही. रिपीटरला, म्हणजे निरोप उचलून पुढे पाठवणाऱ्या उंचावरच्या ठाण्याला, जागं करायला कोणता टोन (सूर) लागतो हे ठाऊक नसेल तर तुम्ही भिंतीशी बोलता, आणि वारंवारता मात्र अडवून ठेवता.

बेकायदा विक्री इतकी बोकाळली की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. ‘सहज मिळतो म्हणजे चालत असेल’ हा तर्क कृपया सोडा. बॅटरी काढून ठेवा, विकून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका, आणि पुढे काय करायचं ते डब्ल्यूपीसीला किंवा जवळच्या परवानाधारक हॅमला विचारा. पथकाला हाक मारायची तर ११२, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७. हे नंबर घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा, फोनमध्ये नकोत.

पुतण्या अमेरिकेतून येतोय. तिथले वॉकीटॉकी आणि सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र आणू दे का? (नाशिक)

दोन्ही नकोत. तिथले घरगुती संच ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर बोलतात, ते इथे विनापरवाना चालत नाहीत. सॅटेलाइटचं यंत्र तर त्याहून वाईट : डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असंच यंत्र सापडल्याने एका परदेशी बाईंना अडवून ठेवलं होतं. पुतण्याला बदाम आणायला सांगा.

हॅम परवाना घ्यायला वय किती लागतं? मुलगी बारा वर्षांची आहे. (रत्नागिरी)

बाराच. बसवा तिला. रिस्ट्रिक्टेड या सुरुवातीच्या श्रेणीला मोर्सही (कट्ट-कडची तारभाषा) लागत नाही, थोडं विद्युतशास्त्र आणि नियम. मग १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर रिपीटरमार्फत जिल्हाभर बोलता येतं, अनेक वॅट आणि उंच अँटेनासकट, कायद्याने. २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरला योगायोगाने हजर असलेल्या हॅमनीच अंदमानचे निरोप बाहेर काढले होते. फक्त एक : हे जूनमध्ये विचारू नका. अर्ज, परीक्षा, परवाना यात महिने जातात. आज स्थानिक क्लबला फोन केलात तर पुढच्या पावसाला उपयोगी पडेल. आणि घरातल्या इतरांनी तिच्या संचावर बोलायचं नसतं, परवाना तिच्या नावावर आहे. क्लबवाले समजावतील.

संच दोन वर्षं पेटीतच आहेत. चालतील?

बॅटरी फुगली नसेल तर. लिथियम बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवायची नसते, निम्मी भरलेली ठेवा आणि तीन महिन्यांनी तपासा. फुगलेली असेल तर चार्जिंगला लावू नका. शक्यतो पेन्सिल सेलवर चालणारा संच घ्या, सेल गावातल्या दुकानात मिळतात.

सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, वाडीत एकट्या असतात. बटणं जमणार नाहीत. मी त्यांच्यासाठी काय घेऊ? (दापोलीजवळून)

ताई, त्यांच्यासाठी पहिल्यांदा बॅटरीवरचा साधा रेडिओ घ्या, आकाशवाणी लावून द्या. त्यांना बोलायची गरज कमी, ऐकायची जास्त आहे.

वॉकीटॉकी द्यायचाच तर शेजारच्या घरातल्या कुणा तरुणाला द्या. तुमचं घर वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे असेल तर खालून ऐकू येणार नाही, त्याने वरच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाटीवर, चढून यायचं. कधी, ते आज ठरवा : सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. बाकीचा वेळ संच बंद. दिवसभर चालू ठेवून खरखर ऐकत बसलात तर दुसऱ्या दिवशी बॅटरी संपते, आणि गरज तिसऱ्या दिवशी पडते. चॅनल कोणतं, ते पट्टीवर लिहून दोन्ही संचांवर चिकटवा. बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचं. आमच्या घरात बायकोला ते म्हणायला दोन वर्षं लागली, त्यामुळे सराव आत्ता करा. सासूबाईंच्या गोळ्यांची नावं आणि वेळाही त्या मुलाच्या कागदावर असू द्यात, डॉक्टरांना एकदा दाखवून. सातला त्याचा आवाज आला नाही तर एकची वाट पाहायची. एकलाही आला नाही, तर मग १०७७.