65 गुण आणि बाजूला ठेवलेली परीक्षा

प्रश्न : माझी मुलगी 26 वर्षांची असून बी.कॉम. आहे. आर्टिकलशिप (सी.ए.साठीचे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण) पूर्ण झाली आहे; सी.ए. फायनलचा एक ग्रुप निघाला आहे, दुसरा राहिला आहे. दोन वर्षांपासून ती एका कंपनीत अकाउंटंट आहे. तिने ऑस्ट्रेलियाचे पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) घ्यावे असे आम्ही ठरवले आहे. तेथील व्हिसाच्या गुणपद्धतीत वयाचे 30, पदवीचे 15, इंग्रजीचे 10 आणि अविवाहित असल्याचे 10 असे 65 गुण भरतात. म्हणून फायनलचा नाद सोड आणि दोन वर्षे लग्नाचा विषय काढू नकोस, असे तिला सांगितले आहे. कंपनीचे मालक परिचयाचे आहेत. अनुभवपत्रात मॅनेजर हे पद आणि 3 वर्षांची मुदत लिहून मिळेल. अर्ज कधी करावा? – एक पालक

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा बेरीज तपासली आणि दुसऱ्यांदा त्यात मुलीचे एखादे वाक्य सापडते का ते पाहिले. सापडले नाही. ठरवले आपण, सांगितले आपण आणि अनुभवपत्राची व्यवस्थाही आपणच केली. अर्ज मात्र तिच्या नावाने जाणार आहे, त्यातील माहिती खरी असल्याची ग्वाही तिला द्यायची आहे, आणि व्हिसा मिळाल्यावर परक्या शहरात भाड्याची खोली नि पहिली नोकरी शोधत फिरायचे आहे तेही तिलाच. तिला जायचे आहे की नाही, हे पत्रात कुठेच नसल्यामुळे ‘कधी’ या प्रश्नाचे उत्तर मी आज देणार नाही.

लग्नाबाबतचा आपला हिशेब वाचून मी चक्रावलो. नोव्हेंबर 2019 पासून ऑस्ट्रेलियाच्या गुणपद्धतीत एकट्या अर्जदाराला 10 गुण मिळतात, हे खरे आहे. परंतु जोडीदार 45 वर्षांखालील असेल, त्याला पुरेसे इंग्रजी येत असेल आणि तेथील कुशल व्यवसायांच्या यादीतील व्यवसायासाठी त्याचे कौशल्य मान्य झाले असेल, तर तेच 10 गुण मिळतात. केवळ इंग्रजीची अट पूर्ण होत असेल तरी 5 मिळतात. म्हणजे ज्या फरकासाठी आपण घरात एक विषय दोन वर्षे बंद केलात, तो फरक कदाचित शून्य असेल. तिने लग्न करावे असे मी सुचवत नाही. पण अर्जातल्या एका रकान्याखातर असले निर्बंध घालणे मला अनुचित वाटते. घाईलाही आधार नाही, कारण वयाचे 30 गुण पंचविसाव्या वाढदिवसापासून तेहतिसाव्या वाढदिवसापर्यंत तसेच राहतात. तिच्या हातात अजून सहा वर्षांहून अधिक काळ आहे.

आता 65 या आकड्याविषयी. 65 गुण भरले म्हणजे पीआर झाले, हा समज इतका पसरला आहे की तो आपल्याकडे कुठून आला हे विचारण्यातही अर्थ नाही. 65 ही केवळ रांगेत उभे राहण्याची पात्रता आहे. तेवढे गुण झाले की स्किलसिलेक्ट या सरकारी प्रणालीत व्हिसासाठी अर्ज करण्याची इच्छा कळवणारे इच्छापत्र नोंदवता येते. त्यानंतर निमंत्रण आले तरच व्हिसाचा अर्ज करता येतो. सबक्लास 189 या स्वतंत्र व्हिसाची निमंत्रणे अधिक गुण असलेल्यांना आधी जातात आणि लेखापालांची गर्दी एवढी आहे की गेली अनेक वर्षे त्यांचे निमंत्रण 65 च्या बरेच वर थांबत आले आहे. निमंत्रण न आल्यास इच्छापत्र दोन वर्षांनी आपोआप रद्द होते. शिवाय आपली बेरीजही पक्की नाही. इंग्रजीचे 10 गुण सरासरी 7 बँडला मिळत नाहीत. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या चारही भागांत प्रत्येकी 7 लागतात, आणि लेखनात साडेसहा पडले की ते 10 गुण जातात. तीन वर्षांची पदवी ऑस्ट्रेलियन पदवीच्या बरोबरीची धरली जाईल असेही गृहीत धरता येत नाही. तेथील एखाद्या राज्याने नामांकन दिल्यास, म्हणजे नाव पुढे केल्यास, 190 या कायम व्हिसासाठी 5 गुण आणि 491 साठी 15 गुण वाढतात. मात्र 491 हा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे आणि त्यावर सिडनी, मेलबर्न व ब्रिस्बेन वगळून इतरत्र राहावे लागते.

अनुभवपत्राविषयी मला कठोर शब्दांत लिहावे लागेल. आपण जे योजले आहे त्याला खोटा दस्तऐवज म्हणतात. तीन वर्षे दाखवली की 5 गुण वाढतात, हे आपल्याला ठाऊक आहे तसे तपासणाऱ्यांनाही ठाऊक असते. ते पगाराच्या नोंदी, कराची विवरणपत्रे आणि बँकेचा उतारा मागू शकतात. पदनामापेक्षा रोजचे काम पाहिले जाते. खरेदीची बिले नोंदवणे, बँक रिकन्सिलिएशन करणे (आपल्या नोंदी बँकेच्या उताऱ्याशी जुळवणे) आणि थकबाकीदारांना फोन लावणे एवढेच काम असेल, तर वर मॅनेजर लिहिल्याने ते लेखापालाचे काम ठरत नाही. ताळेबंद तयार करणे, खर्चाचे विश्लेषण, अंदाजपत्रक आणि करविषयक काम ती करत असेल, तर तेच खरेपणाने लिहून घ्यावे. खोटेपणा उघडकीस आल्यास तेथील 4020 क्रमांकाच्या निकषानुसार अर्ज फेटाळला जातो आणि तो निकष लागू असलेले व्हिसे पुढील तीन वर्षे मिळत नाहीत. ते डाग मालकांच्या नव्हे, आपल्या मुलीच्या नावावर पडतात.

सर्वांत उफराटा सल्ला आपण फायनलबाबत दिला आहे. लेखापालांच्या पात्रतेचे मूल्यमापन ऑस्ट्रेलियात सीपीए ऑस्ट्रेलिया, चार्टर्ड अकाउंटंट्स ऑस्ट्रेलिया अँड न्यूझीलंड आणि इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अकाउंटंट्स या तीन संस्था करतात. त्यांपैकी पहिल्या दोघींशी भारतातील सी.ए. संस्थेचे परस्पर मान्यतेचे करार झालेले आहेत. त्यांचा लाभ सी.ए. होऊन त्या संस्थेचा सदस्य झालेल्याला होतो, एक ग्रुप बाकी असलेल्याला होत नाही. तेथील मालकाला कौशल्य मूल्यमापनाच्या पत्राने काही समजत नाही, सी.ए. या दोन अक्षरांनी समजते. आणि तिने परदेशी न जाण्याचे ठरवले, तरीही ती परीक्षा वाया जात नाही. आपण मात्र नेमकी तीच गोष्ट वेळखाऊ म्हणून बाजूला ठेवलीत.

यापुढचे पत्र मुलीने लिहावे. त्यात गेल्या तीन महिन्यांत कार्यालयात प्रत्यक्ष केलेली कामे, इंग्रजीच्या परीक्षेतील चारही भागांचे स्वतंत्र गुण आणि दुसऱ्या ग्रुपची तयारी कुठपर्यंत आली आहे, एवढे कळवावे. जावेसे वाटत नसेल तर तेही लिहावे. त्या पत्रालाही मी उत्तर देईन. ते धाडण्यापूर्वी आपण वाचू नये, ही विनंती.